कुठं न्यायचं

"कुठं न्यायचं, साहेब?" रुग्णवाहिकेच्या चालकाने विचारलं आणि स्वानंदच्या डोक्यात काहीच आलं नाही. प्रश्न कळला होता. चालकाचा चेहराही स्पष्ट दिसत होता. तिशीतला, दोन दिवसांची दाढी, खिशावर 'धनेश' असं नाव शिवलेलं. मागच्या उघड्या दारातून स्ट्रेचरवर बाबा दिसत होते. त्यांचा डावा गाल गुळगुळीत झाला होता आणि उजव्या गालावर साबणाचा फेस तसाच वाळत चालला होता. मघाशी ते बेसिनपाशी दाढी करत होते, रेडिओवर बातम्या चालू होत्या. मग रेझर भांड्यात पडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ काहीच आवाज आला नाही म्हणून त्याची बायको, कादंबरी, धावली. बाबा भिंतीला टेकून उभे होते. तोंडाची उजवी बाजू कोणीतरी बोट लावून खाली ओढल्यासारखी झाली होती, आणि ते जे काही सांगू पाहत होते ते शब्द नव्हते. तिथून इथपर्यंत, जिन्यातून, शेजाऱ्यांच्या गर्दीतून, खांदा कॉलनीच्या या गल्लीतल्या शनिवार सकाळच्या उन्हात येईपर्यंत स्वानंदने सगळं बरोबर केलं होतं. फोन लावला, पत्ता नीट सांगितला, लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावणार नाही हे आधीच ओळखलं. आणि आता या साध्या प्रश्नापाशी तो उभा राहिला होता.

"तुमच्या अंदाजाने कुठे...?" त्याने विचारलं.

"आमाला सांगाची परवानगी नाय, साहेब," धनेश म्हणाला. त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, उलट थोडी अजिजीच होती. "तुमी सांगाल तिकडं नेतो. नियमच हाय तसा." आणि त्याने अंगठ्याने मागे, दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या पाटीकडे दाखवलं. निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, रुग्णालयाची निवड हा आपला हक्क आहे. चालक कोणत्याही रुग्णालयाची शिफारस करणार नाही.

ते वाक्य स्वानंदचं होतं. पहिल्या मसुद्यात त्याने 'अधिकार' असं लिहिलं होतं, मग दीनानाथ सरांनी सुचवल्यावर 'हक्क' केलं, कारण हक्क हा शब्द लोकांना आपलासा वाटतो. आरोग्यसेवेच्या फेररचनेसाठी नेमलेल्या तज्ज्ञगटात तो गेली काही वर्षं होता. गटाचा विचार थोडक्यात असा की सरकारने दवाखाने चालवू नयेत, रुग्णाच्या हातात विम्याचं कार्ड द्यावं. रुग्ण जिथे जाईल तिथे पैसा त्याच्यामागून जाईल, आणि मग सगळी रुग्णालयं, सरकारी आणि खासगी, त्याच्यासाठी एकमेकांशी झटतील. हा पट्टा प्रयोगासाठी निवडला गेला तेव्हा पहिली तक्रार रुग्णवाहिकांची आली होती. काही चालक रुग्णालयांकडून कमिशन घेऊन माणसं पोचवत होते. स्वानंदनेच तोडगा काढला होता. चालकाने बोलायचंच नाही. बैठकीत टाळ्या पडल्या नव्हत्या, पण सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, आणि तशा बैठकांमध्ये माना डोलावणं ही टाळ्यांच्या वरची गोष्ट असते.

त्याला खरं तर सगळी रुग्णालयं ठाऊक होती, आणि तीच अडचण होती. हायवेलगतचं मोठं, काचेच्या दर्शनी भिंतीचं. जुन्या गावातलं दुमजली, जिथल्या डॉक्टरांचा हातगुण लोक सांगतात. सरकारी, जिथे गेल्याच वर्षी नवी यंत्रं आली होती. प्रत्येकाला त्याच्या गटाने गुणांकन दिलं होतं, चांदण्या दिल्या होत्या. ॲपवर त्या कोणीही बघू शकत होतं. स्वच्छतेच्या चांदण्या, वागणुकीच्या, माहिती नीट दिली का याच्या. त्या चांदण्या कशा बनतात हे त्याला आतून माहीत होतं, एखाद्या आचाऱ्याला हॉटेलची भाजी माहीत असते तसं. शनिवारी सकाळी मेंदूचा डॉक्टर हजर असतो का, डोक्याचा स्कॅन काढणारा तंत्रज्ञ सुट्टीवर गेला तर दुसरा असतो का, हा रकाना त्यांनी ठेवला होता; पण रुग्णालयांनी तो कधी भरलाच नाही, आणि भरला नाही म्हणून अखेरच्या तक्त्यातून काढून टाकावा लागला. त्याने खिशातून फोन काढला. हायवेवरच्या रुग्णालयाचा नंबर लावला. एका बाईचा गोड आवाज आला, अपॉइंटमेंटसाठी एक दाबा. त्याने फोन कानाशी तसाच धरून ठेवला आणि पुढचे पर्याय ऐकत राहिला, जणू त्यांत कुठेतरी बाबांसाठी एक आकडा असणारच होता.

त्या वेळी त्याला धरणाजवळचं ते गाव आठवलं. आठवलं असंही म्हणता येणार नाही. ते तिथे येऊन उभं राहिलं, गल्लीत, रुग्णवाहिकेच्या पलीकडे. बाबा, म्हणजे प्रभाकरराव, तेव्हा पाटबंधारे खात्यात होते आणि त्यांची बदली अशा एका गावी झाली होती जिथे क्वार्टर्स, एक शाळा आणि एक सरकारी दवाखाना सोडून दुसरं काही नव्हतं. स्वानंद नववीत होता. आईच्या, शोभाच्या, पोटात संध्याकाळपासून दुखत होतं. दवाखान्यातली नर्स म्हणाली, डॉक्टर रजेवर आहेत, उद्या येतील. दवाखान्याच्या लाकडी बाकावर आई मुटकुळं करून पडली होती आणि बाबा पायरीवर बसले होते, कमरेत ताठ, हातात छत्री. कोणीतरी सांगितलं होतं की तालुक्याला एक खासगी डॉक्टर आहे, ऑपरेशन करतो, खात्याची जीप आहे, घेऊन जा. बाबा म्हणाले होते, "इथे डॉक्टर येणारच आहेत. सरकारी दवाखाना आहे, आपण सरकारी माणसं." डॉक्टर आले, दुसऱ्या दिवशी, जेवणवेळेला. तोवर आईचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यानंतरची स्वानंदची सगळी हुशारी, शिष्यवृत्त्या, परदेशातलं शिक्षण, प्रबंध, त्या पायरीकडे पाठ करून धावत सुटलेल्या मुलाची होती. ज्याला दुसरीकडे जाता येतं तो मरत नाही. इतकं साधं ते होतं. पुढे त्यावर समीकरणं चढली, पण मूळ एवढंच. एकदा, पदवी घेऊन परत आल्यावर, जेवताना तो बाबांना म्हणालाही होता, "आपल्याकडे पर्याय होता, बाबा." बाबांनी ताटातली चटणी बोटाने गोळा केली आणि म्हणाले, "होता का? तेव्हा तसा दिसला नाही." त्यापुढे दोघांत या विषयावर बोलणं झालं नाही.

"अरं, कुठं तरी न्या ना त्यांना!" तळमजल्यावरच्या चंद्रावतीबाई ओरडल्या. सोसायटी झाली ती त्यांच्याच जमिनीवर. त्यांचा आवाज अजून मोकळ्या शेतावरचा होता. "उबं काय रायलाव हितं? म्हातारा बग कसा करतो!"

स्वानंदने त्यांच्याकडे बघितलं. कादंबरी आधीच आत चढून बाबांच्या उशाशी बसली होती. तिची नजर त्याच्यावर होती, मग मनगटावरच्या घड्याळावर गेली, मग परत त्याच्यावर. नंतर तो कधीही डोळे मिटायचा तेव्हा हेच समोर यायचं. तिची मान खाली जाणं आणि वर येणं. मग ती धनेशला म्हणाली, "हायवेवरच्या मोठ्या हॉस्पिटलला चला. लवकर." दार लागलं. स्वानंद पुढे चालकाशेजारी बसला. फोनमधली बाई अजून बोलत होती.

मोठ्या हॉस्पिटलात सगळं ठीक होतं. हे त्याने पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं. स्कॅन झाला, डॉक्टर होत्या. रंजिता नावाच्या, उरणकडच्या, केस घट्ट मागे बांधलेल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "शेवटचं नीट कधी बोलले हे?" कादंबरीने सांगितलं, रेडिओवर बातम्या लागल्या तेव्हा चहा झाला का विचारलं होतं. डॉक्टरांनी मनातल्या मनात तास मोजले, म्हणाल्या, वेळेत बसतंय अजून, आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायला सांगितलं. 'बसतंय अजून' या शब्दांना किती कडा होत्या! स्वानंद त्या कडांवरून बोट फिरवत बाहेरच्या खुर्चीवर बसला. समोर टीव्हीवर कोणीतरी भेंडीची भाजी करत होतं. त्याला वाटलं, किती वेळ मी उभा होतो? त्याच्या धंद्यातला हाच तर मूळ प्रश्न होता. हे केलं नसतं तर काय झालं असतं, ते केलं असतं तर काय झालं असतं. त्यासाठी दोन सारख्या माणसांचे गट करतात, एकाला औषध देतात, दुसऱ्याला देत नाहीत. बाबा एकच होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर रंजिता खोलीबाहेर भेटल्या. गुठळी विरघळली होती, जीवाचा धोका टळला होता, पण मेंदूचा बोलण्याचा भाग दुखावला गेला होता. समजेल बरंचसं. बोलणं किती परत येईल हे महिन्यांनी कळेल.

"आधी आलो असतो तर?" स्वानंदने विचारलं.

"म्हणजे किती आधी?"

डॉक्टरांनी त्याच्याकडे जरा निरखून बघितलं. "असं नाही हो सांगता येत," त्या म्हणाल्या. "काही लोक अगदी वेळेत येतात आणि तरी बोलत नाहीत. काही उशिरा येतात आणि चालत घरी जातात. आधी आलेला पेशंट मी बघितलेलाच नाही, तर त्याचं काय सांगू?" आणि फोन आला म्हणून त्या निघून गेल्या. स्वानंदला त्यांचा राग आला, आणि लगेच रागाची लाजही वाटली. त्याला त्यांच्याकडून शिक्षा हवी होती की सुटका, हे त्यालाच ठरवता येत नव्हतं, आणि दोन्हीपैकी काहीच न मिळाल्यामुळे तो कॉरिडॉरमध्ये चरफडत उभा राहिला. कादंबरी कॅन्टीनमधून दोन पेले घेऊन आली. तिने एक त्याच्या हातात दिला.

"मी खाली किती वेळ उभा होतो गं?"

"मला नको विचारूस."

"तू घड्याळ बघितलंस."

"बघितलं," ती म्हणाली. चहावरची साय तिने बोटाने बाजूला केली आणि ते बोट कशाला पुसावं हे न सुचून तसंच हवेत धरलं. "बघितलं म्हणूनच म्हणते, मला विचारू नकोस."

लग्नाला बरीच वर्षं झालेल्या बाईचं मौन हे घरातल्या एखाद्या जड सामानासारखं असतं. ते कुठे आहे हे अंधारातही कळतं, आणि आपण त्याला वळसा घालून चालायला शिकतो. पण हे सामान नवं होतं, त्याची जागा अजून ठरलेली नव्हती. पुढचे काही दिवस तो त्याला ठेचकाळत राहिला. रात्री कादंबरी कूस बदलायची आणि त्याला वाटायचं, आता सांगेल. सकाळी ती बाबांचा डबा भरताना झाकण दाबायची आणि त्याला वाटायचं, आता. तो मिनिटांचा आकडा थोडा असू शकत होता. इतका थोडा की तिने सांगितला तर दोघंही हसली असती. मग सांगत का नव्हती? आणि खूप असेल तर ती त्याच्या शेजारी कशी झोपत होती? बाबा घरी आले. उजवा हात मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखा. डोळे मात्र पूर्ण जागे, स्वानंद खोलीत असला की त्याच्यामागून फिरणारे. आवाज यायचा, लांबलचक, चढउतार असलेला, वाक्यासारखा, फक्त त्यात शब्द नसायचे. बोलणं ऐकू यावं आणि दाराआडून यावं, तसं. जवळचा विमानतळ सुरू झाल्यापासून विमानं बाल्कनीवरून अगदी खालून जायची, आणि तो आवाज आला की बाबा थांबायचे. विमान गेलं की जिथे थांबले होते तिथूनच पुढे सुरू करायचे. म्हणजे ते काहीतरी विशिष्ट सांगत होते.

अहवालाची शेवटची बैठक नेऱ्याला होती. डोंगराच्या पायथ्याशी, एका उद्योगपतीच्या फार्महाऊसवर, दोन दिवस राहून मसुदा पक्का करायचा असं आधीच ठरलेलं होतं. स्वानंद गाडी घेऊन गेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची खाचरं कापून झालेली होती, मधूनमधून पत्र्याचे बोर्ड, बंगले, प्लॉट, नर्सरी. आत लॉनवर पांढऱ्या कनाती, तरण तलावाचं निळं पाणी, आणि एका मोठ्या टेबलाभोवती ती सगळी ओळखीची, चांगली, हुशार माणसं. त्यांनी उठून त्याचा हात हातात घेतला, बाबांची चौकशी केली. त्यात खोटं काही नव्हतं. दीनानाथ सरांनी तर त्याला जवळ घेतलं. ते गटाचे अध्यक्ष, त्याचे जुने शिक्षक. प्रबंधाच्या दिवसांत त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलेले. आणि या टेबलावर एकटी विरोधात असायची ती कीर्ती. सार्वजनिक आरोग्यातली डॉक्टर, आदिवासी पाड्यांवर काम केलेली. तिचं म्हणणं, सगळा आराखडाच चुकीचा आहे, दवाखाने सरकारनेच चालवावेत, असं होतं, आणि आजवर तिला सर्वांत नेमकी उत्तरं देत आला होता तो स्वानंद.

निवडीच्या प्रकरणापाशी आल्यावर त्याने हात वर केला. म्हणाला, यात एक अपवाद घालू या. जिथे घाई आहे, मेंदूचा झटका, हृदयाचा, अपघात, तिथे निवड नको. कोणत्या वेळी कुठे न्यायचं हे आधीच ठरलेलं असावं आणि चालकाने विचारू नये. ज्याची पाळी असेल त्या रुग्णालयाने तयार असलंच पाहिजे. बोलताना त्याला स्वतःचा आवाज कोरडा, नीट, नेहमीसारखा वाटला. आतून मात्र तो पुन्हा गल्लीत होता आणि ऊन मानेवर लागत होतं.

"अपवाद एकदा घातला की तो कुठे थांबतो?" दीनानाथ सर म्हणाले. "हे तूच लिहिलं आहेस. सगळ्यांनाच घाई असते. ज्याच्याकडे रुग्ण ठरवून येणार, त्याला चांगलं असण्याची गरज काय? उद्या त्याचा डॉक्टर रजेवर गेला तर?" ते क्षणभर थांबले. त्यांनी आवाज खाली आणला. "तुझी आई ठरलेल्याच दवाखान्यात गेली होती, स्वानंद. आपली प्रस्तावना तिथूनच सुरू होते."

सुरू होत होती खरी. नाव नसलेलं एक धरण, नाव नसलेलं गाव, बाकावर मुटकुळं करून पडलेली एक बाई, पायरीवर छत्री घेऊन बसलेला नवरा. ते पानभर स्वानंदने एकटाकी लिहिलं होतं, आणि सगळ्यांनी सांगितलं होतं की अहवालात असं कधी वाचलं नाही. आता त्याला एकाएकी वाटलं, त्या पानात एक माणूस कमी आहे. बाबांना त्याने ताठ, निर्विकार, सरकारवर भरवसा टाकून बसलेलं असं लिहिलं होतं. त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं? त्यांनाही जीप दिसत होती. तालुक्याचा घाट, रात्र, वाटेतच काही झालं तर, ओळख नसलेला डॉक्टर, त्याच्याविषयी ऐकलेलं बरंवाईट, आणि इकडे नर्स सांगतेय डॉक्टर येतील. ते निवांत बसले नव्हते. ते त्या पायरीवर रात्रभर निवडत होते. तेव्हा तसा दिसला नाही, असं ते म्हणाले होते, आणि ते खरं बोलत होते, आणि स्वानंदने चटणीच्या त्या बोटाकडे बघत मनात त्यांना गुन्हेगार ठरवून टाकलं होतं. सर म्हणतात तेही खरं होतं. ठरलेल्या दवाखान्याने आई मारली. पण दुसरंही एक खरं होतं आणि त्याचं समीकरण त्याला सापडत नव्हतं.

"सर, आई त्या दवाखान्यात गेली म्हणून ते वाईट होतं. तो दवाखाना वाईट होता म्हणून ते वाईट होतं. बाबांना निवडता आलं नाही म्हणून नाही." वाक्य नीट झालं नाही. तो पुन्हा म्हणाला, "माणूस दारात पडलेला असताना कोणालाच निवडता येत नाही. मला आलं नाही. मला सगळं माहीत होतं आणि मला आलं नाही."

मागे एक माणूस तलावातली पानं जाळीने काढत होता.

"तू दमला आहेस," दीनानाथ सर म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत माया होती. "हे आत्ता तू बोलत नाहीस. तुझे वडील बोलतायत."

"माझ्या वडिलांना बोलता येत नाही, सर," स्वानंद म्हणाला.

त्याला तसं काही म्हणायचं नव्हतं. ती फक्त वस्तुस्थिती होती. पण ती टेबलावर अशी पडली की सरांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. थोड्या वेळाने कोणीतरी जेवणाचं म्हणालं. हात धुताना कीर्ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. "आज बोललास," ती म्हणाली. "मी इतके दिवस हेच सांगतेय ना. चल, आपण दोघं मिळून वेगळं टिपण देऊ. सगळ्याच आराखड्यावर." तिचा चेहरा उजळला होता, इतके दिवस एकटी लढलेली बाई. स्वानंदला तिचं वाईट वाटलं. "नाही, कीर्ती," तो म्हणाला. "तुला हवे तसलेच दवाखाने होते ते. त्यात आई गेली माझी." कीर्तीने हात तसेच ओले ठेवून त्याच्याकडे बघितलं, आणि मग ती ताटं मांडली होती तिकडे गेली. आता या बाजूला कोणी नव्हतं आणि त्या बाजूलाही. आणि, चमत्कारिकपणे, त्याला भूक लागली होती.

दुपारी सरांनी विषय मताला टाकला. अपवाद फेटाळला गेला. स्वानंद म्हणाला, मग त्या प्रकरणाखाली माझी सही नसेल. सर म्हणाले, अहवाल एकमताचा असला पाहिजे, प्रकरणाप्रकरणाने सही होत नाही. सही नसेल तर अहवालात तू नसशील. ते हे रागाने म्हणाले नाहीत. इतकी वर्षं त्याला घडवलेला माणूस त्याला हे सांगताना टेबलाची कड धरून होता. स्वानंद म्हणाला, "ठीक आहे." आणखी एक गोष्ट सांगायची होती. प्रस्तावनेतलं ते पान काढा, ते माझ्या आईचं आहे. सर म्हणाले, बघू. तो संध्याकाळच्या आत निघाला. नेऱ्याच्या वळणावर गाडी बाजूला घेऊन तो बराच वेळ स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. मागून एका ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न दिला तेव्हा त्याने गाडी चालू केली.

अहवाल काही आठवड्यांनी प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांनी त्यावर चांगलं लिहिलं. स्वानंदने तो घरी, टेबलावर, सावकाश उघडला. सदस्यांच्या नावांत त्याचं नाव नव्हतं, जिथे असायला हवं होतं तिथली वरची आणि खालची नावं एकमेकांजवळ सरकली होती. मग पान उलटलं. नाव नसलेलं धरण, नाव नसलेलं गाव, बाकावर एक बाई. एक शब्दही बदललेला नव्हता. त्याला काढलं होतं आणि आईला ठेवलं होतं. आता ती सगळ्या राज्यभर फिरणार होती, त्याच्याशिवाय, एखाद्या मुद्द्याचा पुरावा म्हणून. त्याने कादंबरीला हाक मारली आणि ते पान तिच्यापुढे केलं. तिने ते उभ्यानेच वाचलं. वाचून झाल्यावर तिने पहिल्यांदा, त्या सकाळनंतर पहिल्यांदाच, त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो तिथेच राहू दिला. आकडा तिने सांगितला नाही. त्यानेही विचारला नाही. त्याच्या लक्षात आलं की तो आता कधीही विचारणार नाही, आणि हे तिलाही कळलं आहे. आणि उरलेलं आयुष्य त्या दोघांना त्या न सांगितलेल्या आकड्यासकट काढायचं आहे.

बोलणं शिकवणारी बाई आठवड्यातून दोनदा येत असे. तिने घरच्यांना सांगून ठेवलं होतं, त्यांना मोघम काही विचारू नका, काय हवं, कसं वाटतंय असलं. दोन वस्तू समोर धरा आणि यातलं कोणतं असं विचारा. उत्तर येईपर्यंत थांबा, घाई करू नका. त्या दुपारी कादंबरीला कॉलेजातल्या नोकरीवरून यायला वेळ लागला म्हणून जेवण स्वानंदने वाढलं. एका वाटीत मऊ भात, दुसरीत गव्हाची खीर. बाल्कनीच्या दाराशी बाबांच्या खुर्चीसमोर तो स्टुलावर बसला, दोन्ही वाट्या वर धरल्या.

"बाबा, कुठलं आधी? भात की खीर?"

बाबांनी एका वाटीकडे बघितलं, मग दुसरीकडे. मग वाट्यांमधून, त्याच्याकडे. विमान गेलं. त्यांनी विमान जाऊ दिलं. त्यांचे ओठ जुळले, सुटले, गळ्यात काहीतरी घासलं, डावा हात खुर्चीच्या हातावर घट्ट आवळला गेला. दाराचं कुलूप उघडलं. कादंबरी आत आली आणि पर्स खांद्याला तशीच ठेवून खोलीच्या दारात थबकली.

"तू," बाबा म्हणाले.

शब्द होता. स्पष्ट, थोडा जाड, आठवड्यांनंतरचा पहिला. तू, म्हणजे तू आधी जेव. तू, म्हणजे तूच तो, खाली गल्लीत उभा होतास तो. तू, म्हणजे तू ठरव. त्याने बाबांच्या डोळ्यांत शोधलं. तिथे तिन्ही अर्थ होते, किंवा काहीच नव्हतं, फक्त एवढा मोठा शब्द उचलून आणल्याचा थकवा. बाबा वाट बघत होते.

"भात," स्वानंद म्हणाला. त्याने खीर खाली ठेवली, चमचा भरला, फुंकर घातली आणि पुढे केला. बाबांनी तोंड उघडलं.